लेकराचं पोट आणि तिखटावरचा आळ

आज आम्ही एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. पण दुखण्यांनाही इतिहास असतो, आणि त्यात दोष कुणाकुणावर आला हे बघण्यासारखं असतं. आजचा विषय आहे पोटातला अल्सर, आणि तोही लहान मुलांमधला.

आमच्या गटांच्या बैठकीत अंतर्गत कर्ज देताना कारण लिहावं लागतं. शेळी, खत, फी, दवाखाना. दवाखान्यात मुलाची पोटदुखी वरचेवर असते. कारण लिहून होईपर्यंत आजूबाजूच्या बायका निकालही देऊन टाकतात. ‘तिखट कमी घाल गं त्याच्या ताटात.’ ‘परीक्षेचं टेन्शन घेतंय पोर.’ आणि तिसरा निकाल पाठीमागे कुजबुजत येतो, ‘हिचं घरात लक्ष कुठंय, बैठकांना फिरते नुसती.’ म्हणजे तिखट, टेन्शन आणि आई. हे तिन्ही निकाल आपल्या गावातल्या बायकांनी काढलेले नाहीत. मोठमोठ्या डॉक्टरांनी ते जाडजूड पुस्तकांत लिहून ठेवले होते आणि गेल्या शतकातला बराच काळ जगाने ते खरे मानले.

आधी अल्सर म्हणजे काय ते थोडक्यात. अन्न पचवायला आपल्या जठरात जहाल आम्ल तयार होतं. मटणाचा तुकडा विरघळवणारं हे आम्ल जठराचं स्वतःचं मांस का विरघळवत नाही? कारण आतून भेंडीच्या बुळबुळीसारखा एक थर जठराला कायम लिंपून असतो. हा थर कुठे पातळ झाला, फाटला, की आम्ल खाली पोचतं आणि जखम होते. ही जखम जठरात होते किंवा जठराच्या पुढे लहान आतड्याची सुरुवात होते तिथे होते. तोच अल्सर. तो नुसता दुखतो, कधी त्यातून रक्त येतं, आणि फार खोल गेला तर पोटाला आतून भोक पडतं.

दुखण्याची ओळख जुनी आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या माधवनिदान या ग्रंथात परिणामशूल नावाचं दुखणं सांगितलं आहे. जेवण पचत आलं की पोटात उठणारी कळ, असं त्याचं वर्णन आहे. आतड्याच्या अल्सरची कळही पोट रिकामं होत आलं की उठते, म्हणून आजचे वैद्य या दोन्हींची जोड लावतात. मुलांविषयी तर काश्यपसंहिता हा आयुर्वेदाचा वेगळाच ग्रंथ आहे. त्याचं हस्तलिखित नेपाळात सापडलं आणि गेल्या शतकात ते छापलं गेलं. बोलता न येणाऱ्या बाळाला कुठे दुखतंय हे कसं ओळखायचं, यावर त्यात एक अख्खा अध्याय आहे. पोट दुखणारं मूल स्तन सोडून देतं, रडतं, त्याचं पोट ताठ होतं, तोंडावर घाम येतो, असं त्यात लिहिलं आहे. हे वाचताना आम्हाला वाटलं, लिहिणारा कुणीही असो, त्याने हे शेजारी बसलेल्या आईकडूनच ऐकलं असणार.

आता विसाव्या शतकात येऊ. १९१० साली कार्ल श्वार्ट्‌झ नावाच्या सर्जनने सांगितलं, आम्ल नाही तर अल्सर नाही. ते काही चुकीचं नव्हतं, पण त्यामुळे सगळ्यांची नजर आम्लावरच खिळून बसली. १९१५ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी या डॉक्टरने अल्सरचं पथ्य काढलं. तासातासाला दूध आणि साय, मधूनमधून खाण्याच्या सोड्यासारखी आम्ल मारणारी पावडर. तिखट, मसाला, आंबट सगळं बंद. हे पथ्य जगभर पसरलं आणि कित्येक दशकं चाललं. ‘ॲसिडिटी झाली, गार दूध पी’ हा आपल्याकडचा सल्ला सिप्पीसाहेबांच्या आधीचाही असेल, पण त्याला दवाखान्याचा शिक्का मिळाला तो या काळात. पुढे १९७० च्या दशकात मोजून पाहिलं तेव्हा कळलं की दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण नंतर जठर उलट जास्त आम्ल सोडतं.

पथ्याने भागलं नाही तर सुरी होतीच. जठराचा भाग कापून काढायचा, किंवा जठराला आम्ल सोडायचा निरोप देणारी नस तोडायची. ही नस तोडायची शस्त्रक्रिया १९४३ पासून शिकागोच्याच ड्रॅगस्टेट या सर्जनने रूढ केली. आपल्या देशात अल्सरची ऑपरेशनं फार झाली ती दक्षिणेत. एव्हरेस्टच्या १९२२ आणि १९२४ च्या मोहिमांत असलेला सॉमरवेल नावाचा इंग्रज डॉक्टर पर्वत सोडून त्रावणकोरातल्या नेय्यूर गावच्या दवाखान्यात येऊन राहिला, आणि त्याच्यापुढे पोटाच्या अल्सरचे इतके रोगी आले की त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं. नंतर म्हैसूरला काम करणाऱ्या फ्रँक टोव्ही या सर्जनने देशभरात कुठे अल्सर जास्त, कुठे कमी, हे गोळा केलं. भात खाणाऱ्या दक्षिणेत जास्त आणि गहू खाणाऱ्या उत्तरेत कमी, असं त्याला दिसलं. म्हणजे खाण्याचा काही संबंध असेलही. पण तो मिरचीचा नव्हता, धान्याचा होता, आणि याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग मनाची पाळी आली. शिकागोतच फ्रान्झ अलेक्झांडर हे मनोविश्लेषक होते. १९५० साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की वरून कणखर दिसणाऱ्या माणसाच्या आत कुणीतरी आपल्याला जवळ घ्यावं, भरवावं अशी दडपलेली इच्छा असते. ती पुरी होत नाही, म्हणून पोट सतत जेवणाची वाट बघत आम्ल सोडत राहतं आणि अल्सर होतो. आता भरवणं आलं म्हणजे आई आलीच. अल्सरचा माग काढत काढत लोक रोग्याच्या पाळण्यापर्यंत पोचले. आमच्या मते ही कल्पना गोष्ट म्हणून चांगली आहे. पण तिच्यापायी किती बायकांनी स्वतःला दोष देत रात्री काढल्या असतील, याचा हिशोब कुठल्याच पुस्तकात नाही.

या सगळ्यात मुलं कुठे होती? मुलांना अल्सर होतो हे माहीत नव्हतं असं नाही. १८४२ मध्येच लंडनच्या कर्लिंग या सर्जनने लिहिलं होतं की फार भाजलेल्या माणसाच्या आतड्यात अशी जखम होते. मोठं आजारपण, भाजणं, डोक्याला मार, यांत लहान मुलांनाही ती होते. पण हिंडत्याफिरत्या, शाळेत जाणाऱ्या मुलाचं पोट दुखलं तर डॉक्टर सहसा अल्सरचा विचार करत नसत, आणि केला तरी बघणार कसं? पोटात घालायची दुर्बीण तेव्हा जवळजवळ ताठ नळीची होती, तलवार गिळल्यासारखी. वाकणारी, काचेच्या तंतूंची दुर्बीण बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत १९५७ साली तयार केली आणि आधी स्वतःच्याच घशात घालून पाहिली. मुलांसाठी ती वापरात यायला १९७० चं दशक उजाडलं. जे दिसत नव्हतं ते मानलं जात नव्हतं.

तरी त्या काळात एका माणसाने मुलांच्या पोटदुखीकडे नीट पाहिलं, त्याचं नाव आम्हाला इथे घ्यायचं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे डॉक्टर जॉन ॲप्ले. १९५८ मध्ये त्यांनी आणि नोरा नाईश या डॉक्टरबाईंनी शाळेतल्या एक हजार मुलांची पाहणी छापली. साधारण दहा मुलांत एकाचं पोट वारंवार दुखत होतं. वारंवार म्हणजे तीन महिन्यांत निदान तीनदा, आणि तेही खेळ-शाळा सोडावी लागेल इतकं. त्यातल्या बहुतेक मुलांच्या शरीरात त्यांना काही बिघाड सापडला नाही. पण म्हणून ॲप्लेंनी ‘नाटक करतंय’ असं म्हटलं नाही. दुखणं खरं आहे, जखम नसेलही, असं त्यांचं सांगणं. आणि बेंबीपासून दुखण्याची जागा जितकी लांब तितकं आत काही सापडण्याची शक्यता जास्त, ही खूणही त्यांचीच. आजही मुलांचे डॉक्टर ती वापरतात. मूल बेंबीवर हात ठेवून ‘इथे दुखतं’ म्हणालं तर बहुतेक वेळा अल्सर नसतो. छातीच्या फासळ्यांच्या खाली, मधोमध बोट ठेवलं तर जरा थांबून विचार करायचा.

आता या इतिहासातला आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग.

ग्रीस देशात मिसोलाँगी नावाचं छोटं शहर आहे. तिथे जॉन लिकुडिस नावाचा साधा डॉक्टर होता, काही वर्षं शहराचा महापौरही होता. १९५८ मध्ये त्याचं स्वतःचं पोट बिघडलं म्हणून त्याने जंतू मारणारी औषधं, म्हणजे अँटिबायोटिक घेतली, आणि त्याला जुन्या अल्सरच्या त्रासातही आराम पडला. मग त्याने आपल्या रोग्यांना तीच औषधं द्यायला सुरुवात केली आणि लोकांना गुण येऊ लागला. त्याने लेख लिहिला, तो छापला गेला नाही. औषध कंपन्यांनी रस दाखवला नाही. १९६८ साली वैद्यकीय शिस्त समितीने त्याला चार हजार द्राख्माचा दंड ठोकला. १९८० मध्ये तो वारला. आपण बरोबर होतो हे त्याला कळलंच नाही.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, रॉबिन वॉरन हे डॉक्टर सरकारी इस्पितळात बसून रोग्यांच्या पोटातले मांसाचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. १९७९ च्या जूनमध्ये त्यांना एका तुकड्यावर वाकडे, मळसूत्रासारखे जंतू दिसले. पोटात जंतू? पुस्तकं तर सांगत होती की एवढ्या आम्लात कुठलाच जंतू जगत नाही. सहकाऱ्यांनी मनावर घेतलं नाही. घरी मात्र वॉरन यांची पत्नी, जी स्वतः मानसोपचार करणारी डॉक्टर होती, ती म्हणत राहिली, तू काम चालू ठेव. अल्सर मनातून होतो असं सगळे म्हणत असताना मनाच्या डॉक्टरबाईनेच जंतूंच्या मागे जायला धीर दिला, हे आम्हाला फार बोलकं वाटतं.

१९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तिशीतला शिकाऊ डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी शंभर रोग्यांच्या पोटातले तुकडे तपासले. आतड्याचा अल्सर असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या पोटात तो जंतू होता. पण प्रयोगशाळेत तो वाढेना. दोन दिवसांत काही उगवलं नाही की नमुना फेकून द्यायचा, अशी तिथली पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरला सुट्टी लागली, काम तुंबलं, आणि एक बशी तशीच पाच दिवस राहिली. त्या बशीत जंतू वाढले होते. विरजण लावून आपण दोन तासांत उघडून बघावं आणि दही लागलं नाही म्हणून दूध ओतून द्यावं, तसं आधी चाललं होतं.

१९८३ मध्ये त्यांची पत्रं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, १९८४ मध्ये पूर्ण लेख. तरी पोटाचे तज्ज्ञ हसत होते. प्राण्यांच्या अंगी हा जंतू लागेना. तेव्हा मार्शलने १९८४ मध्ये एका रोग्याच्या पोटातून वाढवलेल्या जंतूंचा गढूळ रस्सा स्वतःच पिऊन टाकला. बायकोला आधी सांगितलं नव्हतं. काही दिवसांत मळमळ, पहाटे उलट्या सुरू झाल्या, तोंडाला वाईट वास यायला लागला. दुर्बीण घालून पाहिलं तर धडधाकट जठर सुजून लाल झालेलं. अल्सर झाला नव्हता, पण अल्सरच्या आधीची सूज झाली होती, आणि सूज जिथे तिथेच जंतू. घरात लहान मुलं होती. हे कळल्यावर बायकोने औषध घ्यायला लावलं. ते तिचं म्हणणं किती शहाणपणाचं होतं ते पुढे येईलच.

या जंतूचं नाव नंतर हेलिकोबॅक्टर पायलोरी ठरलं. आपण त्याला एच. पायलोरी म्हणू, दवाखान्याच्या चिठ्ठीवरही तसंच लिहितात. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जाहीर केलं की ज्यांना अल्सर आहे आणि हा जंतूही आहे त्यांना जंतू मारायची औषधं द्यावीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला जठराच्या कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलं. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं. तोवर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर लाखो लोकांची वर्षंच्या वर्षं गेली होती. गोळी चालू असेपर्यंत बरं, बंद केली की वर्षभरात अल्सर परत.

मुलांचं काय? १९८७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळातून ब्रेंडन ड्रम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुलांच्या जठराच्या सुजेतही हाच जंतू असतो. १९९० मध्ये त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. ज्या मुलाच्या पोटात जंतू, त्याच्या आईवडिलांच्या आणि भावंडांच्या पोटातही तो इतर घरांपेक्षा पुष्कळ जास्त सापडतो. म्हणजे हा घरात फिरणारा जंतू आहे, आणि तो बहुतेकदा लहानपणीच लागतो. एका खोलीत पाचसहा माणसं, पाण्याची टंचाई, उलटी आणि शी काढल्यावर हात धुवायला पुरेसं पाणी नाही, अशा घरात तो लवकर लागतो. १९९० च्या सुमारास मुंबई आणि हैदराबादमध्ये रक्त तपासून पाहणी झाली, तेव्हा दहा वर्षांची होईपर्यंत निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना तो लागून गेलेला दिसला.

हे ऐकून लगेच घाबरू नका. जंतू असणं वेगळं आणि अल्सर असणं वेगळं. एवढ्या मुलांच्या पोटात तो असूनही अल्सर होतो तो फार थोड्यांना. बहुतेक मुलं त्याला पोटात घेऊन मजेत हुंदडतात. म्हणूनच मुलांच्या पोटाच्या तज्ज्ञांच्या युरोप-अमेरिकेतल्या संघटना स्पष्ट सांगतात की नुसतं बेंबीभोवती दुखणाऱ्या प्रत्येक मुलाची या जंतूसाठी तपासणी करू नये. आणि रक्त तपासून तर नाहीच, कारण जंतू गेल्यावरही रक्तात त्याची खूण राहते. कुणी रक्ताच्या एका चाचणीवर मुलाला दोन आठवड्यांची औषधं लिहून दिली तर ‘दुर्बिणीची तपासणी लागेल का?’ एवढं विचारायला हरकत नाही.

इथे आणखी एक सांगायला हवं. जंतू घरातून लागतो म्हटल्यावर परत आईकडे बोट जाणार, हे आम्हाला दिसतंय. बाळाला घास चावून भरवणं टाळावं, हे खरं. पण नळाला पाणी येत नाही याचा दोष भरवणाऱ्या हातावर टाकायला आम्ही तयार नाही. त्याच हाताने आजीने भरवलं, मावशीने भरवलं, बापाच्या ताटातही बाळ जेवलं.

आता दुसरा गुन्हेगार, जो आपल्या घरातल्या फळीवर बसलेला असतो. वेदनाशामक गोळी.

ॲस्पिरिन बाजारात आली १८९९ मध्ये. १९३८ साली लंडनच्या दोन डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं तेव्हा गोळी जिथे टेकली तिथे जठर लाल झालेलं दिसलं. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी त्याचं कारण शोधलं. शरीरात दुखणं आणि सूज वाढवणारा जो पदार्थ या गोळ्या थांबवतात, त्याच जातीचा पदार्थ जठराचा तो भेंडीसारखा थर टिकवत असतो. एक थांबवला की दुसराही थांबतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाईड सगळ्या त्याच घराण्यातल्या. पॅरासिटामॉल त्यात धरत नाहीत, जठराला तिचा तसा त्रास नाही, पण तिचंही माप वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच द्यायचं.

आणि तिखट? १९८८ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टर ग्रॅहम यांनी मजेशीर प्रयोग केला. त्याच निरोगी माणसांना कधी साधं जेवण दिलं, कधी मिरच्या घातलेलं झणझणीत जेवण, कधी साध्या जेवणाबरोबर ॲस्पिरिन, आणि दर वेळी नंतर दुर्बीण घातली. ॲस्पिरिननंतर जठराला ओरखडे होते. मिरचीनंतर ते जवळजवळ साफ होतं. तिखटाने जळजळ होते, आधीच जखम असेल तर झोंबतं, तेव्हा पोट दुखणाऱ्या मुलाला ठेचा वाढा असं आम्ही म्हणत नाही. पण अल्सर करण्याचा आळ तिच्यावर टिकत नाही.

आमच्या एका गटातल्या ताईंची तेरा वर्षांची मुलगी. कबड्डीत पाय मुरगळला. औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. दुकानदाराने पाकिटावर काही लिहिलं नाही, किती दिवस हेही सांगितलं नाही. पोरगी सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन शाळेत जायची, पंधरा दिवस. मग पोट दुखायला लागलं, रात्री झोपेतून उठायची. घरच्यांनी हिंग लावला, ओवा दिला, दृष्ट काढली. शी काळी व्हायला लागली ते तिने आईला सांगितलंही. पण शाळेत लोहाची निळी गोळी मिळते, तिने शी काळी होते हे घरात माहीत होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्त फार कमी झालं होतं. दुर्बिणीत आतड्याच्या तोंडाशी अल्सर दिसला. औषधाने ती बरी झाली, आता परत खेळते.

म्हणून हे नीट ऐका. लोहाची गोळी शाळेत आठवड्याला एकच मिळते. तिने एखाद-दोन दिवस शी काळपट, हिरवट-काळी होते, पण बांधीव असते. अल्सरमधून रक्त गेलं की शी डांबरासारखी, चिकट, चकचकीत आणि भयंकर वासाची होते, आणि ती गोळी नसलेल्या दिवशीही होते. शंका आली तर वाट बघायची नाही. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काळं काही दिसलं, मूल पांढरंफटक पडलं, चक्कर येते, किंवा एकदम जोराची कळ येऊन पोट फळीसारखं कडक झालं, तर तसंच उचलून मोठ्या दवाखान्यात. १०८ ला फोन करा. काही भागांत अशा वेळी मुलाच्या पोटावर गरम विळ्याचा डाग देतात. त्याने जखमेत जखम वाढते आणि वेळ जातो.

घाईची नसली तरी दाखवायलाच हवी अशी दुखणी वेगळी. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, फासळ्यांखाली मधोमध दुखणं, वरचेवर उलटी, वजन घटणं, आणि लोहाचं औषध महिनोन्‌महिने देऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन. आशाताईंना सांगा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासणारं डॉक्टरांचं पथक येतं, त्यांच्याही कानावर घाला. दाखवायला जाताना मुलाने गेल्या महिन्याभरात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या. नावं लक्षात राहत नाहीत, पाकीट खोटं बोलत नाही.

दुर्बिणीत अल्सर आणि त्याबरोबर जंतू सापडला तर साधारण चौदा दिवस दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारं एक औषध देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट शांत होतं आणि घरातले म्हणतात, झालं बरं, उरलेल्या गोळ्या ठेवून दे. तिथेच बिघडतं. अर्धे मेलेले जंतू पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि मुलांना देता येतील अशी औषधं मोजकीच आहेत. औषध संपल्यावर निदान महिनाभराने जंतू गेला की नाही हे शी किंवा श्वास तपासून बघतात. ती तपासणी चुकवू नका. कर्जाचा शेवटचा हप्ता राहिला तर गट सोडतो का?

आणि निमेसुलाईडचं राहिलंच. यकृताला धोका म्हणून ही गोळी बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर केंद्र सरकारने २०११ मध्ये बंदी घातली. मोठ्यांसाठी म्हणून आणलेली तिची पाकिटं अजून कितीतरी घरांत असतात, आणि ताप आला की अर्धी मोडून मुलाला दिली जाते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या फळीवरच्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आशाताईंनाही आम्ही बोलावलं आहे. बसून एकेक नाव वाचू.